कार्डाची बाकी ठेवून १ लाख ८० हजारांचा कोर्स?

पत्र थोडक्यात असं: वय २९, चाकणच्या एका कंपनीत चार वर्षं सिस्टम अॅडमिन, सर्व्हर बहुतेक लिनक्सचे, हातात ४२,००० येतात. एक इन्स्टिट्यूट १ लाख ८० हजारांत एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं), सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), आरएचसीई (रेड हॅट लिनक्सचं वरचं) आणि एडब्ल्यूएस (अॅमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचं) अशा सर्टिफिकेटांचा कॉम्बो देतंय, वर जॉब गॅरंटी. ९० हजारांची एफडी मोडायची, बाकीचे ईएमआयवर. कॉम्बो घेऊ, की नुसतं आरएचसीएसए (रेड हॅटची आधीची पायरी) किंवा एडब्ल्यूएस करू? आणि पार शेवटी एक ओळ, "क्रेडिट कार्डचे १ लाख १० हजार बाकी आहेत पण मिनिमम वेळेवर भरतो."

अहो, ती शेवटची ओळ पत्रात सगळ्यात वर हवी होती.

कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला साधारण साडेचार हजार नुसते व्याजात. तुम्ही मिनिमम भरता साडेपाच हजार, म्हणजे मुद्दल कमी झालं जेमतेम हजाराने, आणि त्याच महिन्यात पेट्रोल-किराणा कार्डावरच घेतला तर तेवढंही नाही, कारण मागची बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते, कर्ज फिटत नाही. वर्षाचं व्याज ४० टक्क्यांच्या वर आणि शेजारी एफडी सात टक्क्यांवर पडून, हे किती दिवस चाललंय?

एफडी मोडाच, पण कोर्ससाठी नाही. ८० हजार सरळ कार्डात भरा, १० हजार हाताशी ठेवा, कार्ड घरी कपाटात. उरलेले ३० हजार त्याच साडेपाच हजारांनी सहा-सात महिन्यांत संपतात. तोपर्यंत कुठलीही फी भरायची नाही.

आता कॉम्बो. एमसीएसई मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ लाच बंद केलंय, त्याची परीक्षाच राहिलेली नाही, आणि हे लोक ते अजून विकतायत! याचा मला खरंच राग येतो. ईएमआय म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज, इन्स्टिट्यूटला उद्या कुलूप लागलं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार. आणि गॅरंटीचा कागद वाचा, आत बहुतेक 'नोकरी शोधायला मदत' एवढंच असतं. सहा महिन्यांत पगार दुप्पट वगैरे डोक्यातून काढा, चार वर्षं सर्व्हर सांभाळलेत तोच तुमचा खरा माल आहे, सर्टिफिकेट त्याला फक्त शिक्का मारतं.

म्हणून तुम्हाला आधी आरएचसीएसए. तीन तास प्रत्यक्ष मशीनवर काम, पर्याय निवडायचे प्रश्न नाहीत, ३०० पैकी २१० लागतात. मशीन रीबूट झाल्यावर केलेलं सेटिंग टिकलं नाही तर मार्क गेले, एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना डिस्क जोडायच्या यादीत, एक ओळ चुकली तर मशीन नीट बूटच होत नाही. हे तुम्ही रोज करता. सरावाला रेड हॅटसारखंच असलेलं रॉकी लिनक्स फुकट आहे, जुना लॅपटॉप पुरतो. आरएचसीई त्याच्यानंतरच, आणि त्यात सगळं अॅन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सेट करायचं साधन) आहे, कामात येत असेल तरच.

एडब्ल्यूएसचं सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट दुसऱ्या नंबरला. १५० डॉलर, जीएसटी धरून पंधरा हजारांच्या आसपास, ६५ प्रश्न, १३० मिनिटं. पण क्लाउडला हात न लावता पाठ करून पास झालात तर इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत उघडं पडतं. कंपनी अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, चालली असेल तर याऐवजी त्याचं एझेड-१०४ करा, दरवर्षी रिन्यू करावं लागतं पण ते ऑनलाइन आणि फुकट. सीसीएनए ३०० डॉलरचं, नेटवर्क टीममध्ये जायचं नसेल तर सोडा. आणि फी भरण्याआधी एचआरला विचारा, पास झाल्यावर फी परत देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

कार्डाची बाकी संपली की सुटलेल्या साडेपाच हजारांतून आधी तीन महिन्यांचा खर्च साठवायला घ्या, परीक्षेची फी त्यातूनच हळूहळू निघेल. इन्स्टिट्यूटला बुकिंगचे ५,००० दिलेत म्हणता, ते ईमेल करून लेखी परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण त्या ५,००० च्या हळहळीपोटी कर्जाच्या अर्जावर सही करू नका.