येझदीच्या चॅसीला ग्राइंडर लावण्याआधी

आजोबांची 1978 ची येझदी गुहागरच्या घरी पडवीत वर्षानुवर्षं उभी आहे, इंजिन जाम आहे, तिची कॅफे रेसर (वाकून चालवायची, हलकी, एका सीटची मोटरसायकल) करायची आहे आणि चॅसीचा मागचा भाग कोणाकडून कापून घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: कापूच नका. कॅफे रेसर जरूर करा, पण जे लावाल ते नट-बोल्टवर लावा. मूळ गाडी कधीही परत उभी करता आली पाहिजे.

आधी कायद्याचं बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. दुसरीकडे, 2021 पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी तिच्यात बसते. तुमची गाडी 2028 मध्ये तिथे पोचेल, पण चॅसी कापलेली असेल तर तो रस्ता बंद. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाने नाव लावायचा फॉर्म 31 भरावा लागतो, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25. जुन्या मालिकेतला नंबर बऱ्याचदा संगणकावर चढलेलाच नसतो, त्याची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. रत्नागिरीच्या आरटीओत हे काम आधी मार्गी लावा. हँडल-सीटसारख्या लहान बदलांचंही तिथेच विचारून घ्या. कागद नसलेल्या गाडीवर पैसा ओतू नका.

दुसरं कारण येझदीच्या घडणीतच आहे. हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. रिअरसेट लावून फुटरेस्ट मागे नेले तर पाय त्या दांड्यापर्यंत पोचतच नाही. आणि फुटरेस्ट जागेवर ठेवून नुसते क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर खाली बसणाऱ्या दोन सुट्या मुठी) लावले तर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. कुंभार्ली घाट चढेपर्यंत हात बधिर होतील. लंडनच्या एस कॅफेवर जमणारी 1950-60 च्या दशकातली पोरं ताशी 100 मैल गाठायला वाकून बसायची, ते मोठ्या रस्त्यावर. आपल्याकडे वाडीतल्या अरुंद वळणावर क्लिप-ऑनची मूठ टाकीला अडते. म्हणून सपाट, थोडं खाली उतरणारं एकसंध हँडल घ्या. सिंगल सीट मूळ सीटच्याच बोल्टांवर बसवून घ्या, मागचं मडगार्ड काढून माळ्यावर जपून ठेवा. गाडीची रेष तेवढ्यानेही सुंदर येते.

आता इंजिन, इथेच खरी मेहनत आहे. जाम इंजिनावर किक मारू नका, गिअरमध्ये टाकून ढकलू तर मुळीच नका. प्लग काढून भोकातून डिझेल आणि पातळ तेल ओता, काही दिवस मुरू द्या, मग हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडा. खाऱ्या हवेत उभ्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात. पिस्टनच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने, थोडं खाली थोडं वर करत सोडवा. सुटलं तरी खूश होऊन लगेच चालू करू नका. येझदीचं इंजिन दोन स्ट्रोकचं, त्यात पेट्रोल-हवा क्रँककेसमधून (क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीतून) जाते, त्यामुळे क्रँकची बेअरिंगं गंजली असणार असं धरूनच चाला. क्रँकचे दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलाच. क्लचकडचा सील गेला तर गिअरबॉक्सचं तेल आत खेचलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. डायनॅमोकडचा गेला तर जादा हवा शिरते, मिश्रण हलकं होतं आणि नवा पिस्टन पुन्हा धरतो. क्रँक उघडणं-जुळवणं गावातल्या फिटरच्या हवाली करू नका, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम जाणणारे लेथवाले आहेत. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत बघा.

टाकीत लिंबूसत घातलेलं गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आतून टू-टी (दोन स्ट्रोक इंजिनाचं) तेल फिरवा. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा खेचतं. आपल्या दमट हवेत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. रबरी नळ्या आणि वॉशर नवे घाला.

चॅसी पूर्ण उघडी करून लहान हातोडीने प्रत्येक नळीवर टकटक करत जा. सगळीकडे खणखणीत आवाज आला पाहिजे. बॅटरीच्या खाली आणि स्टँडच्या जोडावर आवाज बद्द येतो का, ते नीट ऐका, गंज आतून तिथेच खातो. तिथे वेल्डिंग लागलं तर ते कराच. रंगाला पावडर कोटिंग मी घेणार नाही. एक टवका उडाला की खारं पाणी कोटिंगच्या खालून पसरतं आणि वरून काहीच दिसत नाही. इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पीयू पेंट बरा, टवका उडाला तर तेवढाच भाग घरी दुरुस्त होतो. स्पोक स्टेनलेसचे घ्या.

सायलेन्सर कापू नका, एअर फिल्टरचा डबाही काढू नका. दोन स्ट्रोकची ताकद सायलेन्सरच्या मापावर असते, आणि उघडा फिल्टर आषाढात सरळ पाणी ओढतो. ब्रेक ड्रमचे आहेत, लायनर नवे बसवा. चालू झाल्यावर घाट उतरताना एक लक्षात ठेवा: ऑइलकिंग हे मॉडेल सोडलं तर येझदीला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून लांब उतार उतरलात तर पिस्टन कोरडा पडतो. मधूनमधून क्लच दाबून थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत जा.

हेड उघडलंत की बोअरचा फोटो उजेडात काढून इथे टाका. उभे ओरखडे दिसले तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागेल; तसं असेल तर सीट-हँडलची खरेदी तोवर थांबवा.