पश्चिम घाटातच एवढ्या वेगळ्या वनस्पती कशा तयार झाल्या? पाऊस जास्त म्हणून का? आणि आजही नवीन प्रजाती तयार होताना दिसते का?

पावसाचं आधी बाजूला काढतो, कारण हेच उत्तर सगळीकडे फिरत असतं. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तिकडे केरळच्या बाजूला मात्र तो थोडाथोडा करत वर्षातले बरेच महिने येत राहतो. त्यामुळे झालंय काय, की फक्त घाटातच सापडणारी सदाहरित झाडं दक्षिणेत जास्त, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात तशी झाडं कमी पण फक्त इथेच सापडणारी छोटी रोपं, कंद, गवतं भरपूर. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा कोरडे महिने किती आणि ते कोण काढतं, सगळं त्यावर आहे.

पश्चिम घाटाला जैवविविधतेचा ‘हॉटस्पॉट’ म्हणतात, त्याबद्दलही जाता जाता सांगतो. फक्त झाडंझुडपं जास्त म्हणून हा शिक्का बसत नाही. पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आताचा निकष असा की कमीत कमी १५०० वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या हव्यात आणि मूळचं ७० टक्के तरी जंगल-गवताळ आवरण गेलेलं हवं. म्हणून तर ॲमेझॉनचं जंगल त्या यादीत नाही!

आता मुद्दा. माझ्या मते खरं कारण आहे सह्याद्रीचा तुटकपणा. कास, चाळकेवाडी अशा एखाद्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन उकिडवं बसून बघा. जांभा दगडावर माती जेमतेम बोटभर, त्यात पाणी साचलेलं, मातीत कस नाही, म्हणून सीतेची आसवं ही निळी-जांभळी इवली फुलं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. आणि हेच पठार एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं. इथे टिकणारं रोप खालच्या दरीतल्या जंगलात टिकत नाही, पुढचं तसं पठार दरीपलीकडे, त्यामुळे प्रत्येक सडा, म्हणजे असं उघडं कातळाचं पठार, एक बेटच. हजारो वर्षं दोन बेटांवरच्या रोपांचे पराग एकमेकांना मिळाले नाहीत की छोटे छोटे फरक साठत जातात आणि एक दिवस दोघांचं जुळतच नाही. तेरड्याचं तर विचारूच नका, शेंग फट्कन फुटून बी उडणार ते चार पावलांवर, ते दुसऱ्या डोंगरावर कधी जाणार?

खर्पुडी म्हणजे कंदीलपुष्प मात्र मला जास्त आवडतं कारण तिथे हे गणित सरळ बसत नाही. तिच्या बीला म्हातारीसारखा केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर उडतं, तरीही अंजनेरीची एक, हरिश्चंद्रगडाची एक, कासकडे बुटकी एक, अशी वाटणी आहेच. एक तर उडून पडायला योग्य जागा हवी. दुसरं म्हणजे फूल. छोटी माशी वासाने येते, नळीत घसरते, आतले केस खाली वळलेले त्यामुळे वर चढता येत नाही, मग केस सुकेपर्यंत अडकून राहते आणि सुटताना परागांची पुडकी घेऊन जाते. समजा एखाद्या ठिकाणी फुलाचा वास किंवा नळीचा आकार जरा बदलला आणि दुसऱ्याच जातीची माशी यायला लागली, तर मधे दरी नसतानाही दोन गट वेगळे पडू शकतात.

सगळंच इथे नव्याने घडलेलं नाही हेही लक्षात घ्या. दक्षिण घाटात हवामान बराच काळ ओलसर राहिल्यामुळे इतरत्र संपलेली जुनी घराणी तिथे नुसती टिकून राहिली. उलट दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले ल्युपिन (शेंगा येणारी फुलझाडं) बघा, डोंगर वर आले, थंड उंच जागा मोकळ्या मिळाल्या आणि साधारण १०-२० लाख वर्षांत ८० च्या आसपास प्रजाती झाल्या. भूशास्त्राच्या हिशोबात हे फारच झटपट.

डोळ्यांदेखत म्हणाल तर वनस्पतींकडे एक शॉर्टकट आहे. दोन प्रजातींचा संकर होतो, तो सहसा वांझ निघतो, पण चुकून गुणसूत्रं दुप्पट झाली की फळतो आणि आईबापांशी त्याचं सहसा जुळत नाही, म्हणजे नवीन प्रजातच. अमेरिकेत वॉशिंग्टन-आयडाहो भागात ट्रॅगोपोगॉन या सूर्यफुलाच्या कुळातल्या रोपाच्या तीन युरोपियन प्रजाती गेल्या शतकाच्या सुरुवातीला पोचल्या आणि १९५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ओनबी यांनी त्यांच्यापासून तिथेच तयार झालेल्या दोन नव्या प्रजातींना नावं दिली. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात.