समुद्र वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतो, मग जकार्ता इतक्या झपाट्याने कसं बुडतंय? मुंबईचंही तसंच होईल का?

समुद्राची पातळी जगभरात सरासरी वर्षाला ३-४ मिलिमीटर वाढतेय. उत्तर जकार्तातल्या काही जागा मात्र एकेका वर्षात २०-२५ सेंटिमीटरपर्यंत खचल्यात. म्हणजे तिथे मुख्यतः जमीनच खाली चाललीय, आणि तीही बोअरच्या उपशापायी.

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. चिकणमातीची चकती पितळी कड्यात बसवायची, वर वजन ठेवायचं आणि डायल गेजचा काटा बघत बसायचं. वाळू असती तर काम मिनिटात आटोपलं असतं. चिकणमातीतून पाणी इतकं सावकाश निघतं की काटा दुसऱ्या दिवशीही किंचित सरकत असतो. मग वजन काढलं की चकती जराशी फुगते, पण मूळ जाडी काही परत येत नाही. जकार्ताच्या पोटात हेच चाललंय.

हे शहर १३ नद्यांच्या गाळावर वसलंय. खाली वाळू आणि चिकणमाती यांचे थर आहेत. वरचा भार थोडा कण पेलतात, थोडा कणांमधलं पाणी. वाळूतलं पाणी उपसलं की शेजारच्या चिकणमातीतलं पाणी तिकडे ओढलं जातं, त्याच्या वाटचा भार कणांवर येतो आणि थर दबतो. मग वर कितीही पाऊस पडो (आणि तिथे तो धो धो पडतो), दबलेला थर पुन्हा उठत नाही.

लोकांना तरी नावं कशी ठेवणार? कित्येक घरांत नळाचं पाणी पोचलेलंच नाही. मोठ्या इमारतींच्या आणि कारखान्यांच्या खोल बोअर जास्त घातक. मुआरा बारू भागात समुद्राच्या भिंतीपलीकडे एक ओस पडलेली मशीद पाण्यात उभी आहे. २०१९ मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर झालं, पण कोट्यवधी माणसं काही सरकारी फायलींबरोबर हलणार नाहीत.

टोकियोचा कोतो भाग विसाव्या शतकात ४ मीटरहून अधिक खचला होता. १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी उपसा आवळला, कारखान्यांना दुसरं पाणी दिलं, आणि १९७० च्या दशकात खचणं जवळपास थांबलं. गेलेली उंची मात्र गेली. तो भाग आजही बांध आणि पंपांच्या भरवशावर आहे.

मुंबईखाली बेसॉल्ट आहे आणि पाणी मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा इथून येतं, त्यामुळे जकार्तासारखी गत होणार नाही. भरावाच्या जागा थोड्याफार बसतात, पण त्याचं कारण वेगळं.