‘ते माझं नव्हतंच ना, मॅडम!’

‘पोरगं हुशार आहे, उलटून बोलत नाही, फक्त कुणाला काही देत नाही हो.’ जळगावात समुपदेशन करायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्या आईबापांकडून ऐकलंय, की समोरचा ‘फक्त’ म्हणाला की पुढचं मला कळतं. कधी तक्रार डब्यातल्या शेवेवरून असते, कधी मावसभावाला सायकल न देण्यावरून, कधी ‘आजी झोपून आहे, पण हा मोबाइलवरून मान वर करत नाही’ यावरून. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: आमचे संस्कार कुठे कमी पडले? रावेरकडच्या केळीच्या बागायतदाराच्या घरात हा प्रश्न निघतो, तसाच भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्येही.

त्यातली एक केस सांगते. पालकांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाला आपण दादू म्हणू.

दादू पाचवीत. वडिलांचं बियाण्या-खतांचं दुकान, आई पूर्वी शिक्षिका, घरात आजी. दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी ठरवलं की हॉटेलात पार्टी करण्यापेक्षा मुलांच्या आश्रमात जायचं. शंभर वह्या, बिस्किटांचे पुडे, केक. दादू आधी गाडीतून उतरेना. उतरला तर तोंड फुगवून. एकेक पोरगं समोर येतंय, हा वही पुढे करतोय, नजर जमिनीवर. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, “झालं ना? चला आता घरी.” आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मॅडम, बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी घरातली ज्वारी गावात वाटली होती,” दादूचे पप्पा मला म्हणाले. “आणि त्यांचा नातू हा असा!”

पहिल्या काही भेटींत दादूनं या विषयाला हात लावू दिला नाही. आम्ही क्रिकेटवर बोललो, शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीची जागा कोण बळकावतं यावर बोललो. घाई केली असती तर त्यानं मला ‘सॉरी’ म्हणून मोकळं केलं असतं. शहाणी मुलं तसंच करतात. मग एकदा मी सहज विचारलं,

“त्या मुलांचा राग आला होता का तुला?”

“नाही.”

“मग?”

त्यानं खांदे उडवले. टेबलावरच्या माझ्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मी काही बोलले नाही.

“ते माझं नव्हतंच ना, मॅडम.”

“म्हणजे?”

“वह्या पप्पांनी आणल्या. कुणाला किती द्यायच्या ते मम्मीनं ठरवलं. मी नुसता पुढं करत होतो आणि काका फोटो काढत होते. ती मुलं मला थँक्यू म्हणत होती. मी काय केलं?”

या एका उत्तरासाठी आधीच्या सगळ्या भेटी होत्या असं मी मानते. ज्याला घरातले आपमतलबी म्हणत होते, तो मुलगा खरं तर प्रामाणिक होता. न केलेल्या गोष्टीचं श्रेय घ्यायची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज कशी सांगायची हे न कळल्यानं तो घुश्शात होता. आईवडिलांनी दान केलं होतं, दादूनं फक्त हमाली केली होती.

माझ्या या समजुतीला अभ्यासाचाही आधार आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना खाऊ दिला आणि एका बाहुलीला त्यातला द्यायला सांगितलं. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा दिला तेव्हा मुलांचे चेहरे जास्त खुलले. आणि संशोधकानं आयत्या वेळी हातात ठेवलेला खाऊ देताना जेवढे खुलले, त्याहून जास्त स्वतःच्या वाटीतला देताना खुलले. धड बोलता न येणाऱ्या लेकरालाही ‘आपलं देणं’ आणि ‘दुसऱ्याचं पुढे करणं’ यातला फरक जाणवतो. दादू तर दहा वर्षांचा होता.

मी स्वतः आल्फ्रेड आडलर या मानसतज्ज्ञाच्या वाटेनं जाणारी. माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे जाणवल्याशिवाय आपण इथले आहोत असं वाटत नाही, हे त्याचं म्हणणं मला रोज खोलीत दिसतं. म्हणून मी दादूला विचारलं, “तुझं स्वतःचं काय आहे?”

“काहीच नाही. सगळं पप्पांचं.”

“वस्तू नको सांगूस. तुला येतं काय?”

बराच विचार झाला. मग, “सायकलची चेन बसवता येते.”

आमच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या मावशींची सायकल खालीच उभी असायची. तिची चेन सारखी उतरते ही त्यांची जुनी कुरकुर. आम्ही दोघं खाली गेलो, मागोमाग त्याची आई. दादू उकिडवा बसला. आधी मागच्या चक्राच्या दात्यांवर चेन चढवली, मग पुढच्या चक्राच्या चार-पाच दात्यांत अडकवून हातानं पायडल फिरवलं. खट्‌ करून चेन जागेवर. पण तो उठला नाही. बोटानं चेन वरखाली हलवून बघत म्हणाला, “ही ढिली आहे, म्हणून उतरते. मागचं चाक जरा मागं ओढून नट आवळायला पाहिजेत. पाना आहे का?” शेजारच्या गॅरेजमधून पाना आणला. एका बाजूचा नट त्याच्यानं आवळला जाईना, तिथं मावशींनी जोर लावला. मग त्यांनी सायकलवर बसून एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “भाऊ, आता मला घरी जाताना वाटेत उतरावं लागायचं नाही.”

दादूचे हात काळे झाले होते, ते त्यानं पँटला पुसले. आईच्या तोंडून “अरे, नवी पँट!” निसटलंच. मी तिच्याकडे बघितलं. आणि मग तिनं दादूकडे बघितलं. वाढदिवसाच्या शंभर फोटोंत जो चेहरा नव्हता, तो तिथं होता.

इथून पुढचं काम मुलाचं कमी आणि घराचं जास्त होतं. बहुतेक वेळा तसंच असतं. पुढच्या भेटीला आजीही आल्या. मी विचारलं, घरात दादूवाचून काय अडतं? आईवडील एकमेकांकडे बघत राहिले. आजींनी मात्र एका दमात सांगून टाकलं, “तुम्ही त्याले काई कामच सांगतस नही, मंग त्याले कसं समजी?” बूट जागेवर येतात, बॅग व्हॅनपर्यंत दुसरं कुणी नेतं, पाण्याची बाटली भरलेली असते. ज्या मुलावाचून घरात काहीच अडत नाही, त्याला आपली कुणाला गरज आहे हे कळणार कुठून? आपल्याकडे भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे पोरी घरोघरी जमून भुलाबाईची गाणी म्हणायच्या तेव्हा, आज कुणाच्या घरचा खाऊ, तो काय असेल, यावर सगळ्या पोरींचा जीव टांगलेला असायचा. दुसऱ्यांना खाऊ घालायची पाळी ही त्या घरच्या मुलीची मिरवायची पाळी असे. ‘दे गं, वाटून खा गं’ असं तिला कुणाला सांगावं लागत नसे.

आणि एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींचं नाव आपल्या जिल्ह्यात प्रत्येक शाळेच्या भाषणात येतं. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, हे सांगताना वक्त्याचा गळा दाटून येतो. तोच वक्ता घरी गेल्यावर मुलाच्या हातात केरसुणी देत नाही.

दादूच्या घरी गाडी थोडी अडली तीही नेहमीच्याच जागी. त्यानं सोसायटीतल्या दोन-तीन मुलांच्या सायकली नीट करून दिल्या. आईनं कौतुकानं स्टेटसला फोटो टाकला, पप्पांनी प्रत्येक सायकलीमागे वीस रुपये बक्षीस लावलं. आठवडाभरात दादूनं विचारायला सुरुवात केली, “आज कुणाची आहे का?” आणि नंतर तेही बंद. वीस रुपये त्याला तसेही मिळत होते.

बक्षिसाचा हा परिणाम मला नवा नव्हता. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की दीड वर्षाची मुलंसुद्धा, समोरच्याच्या हातून कपड्याचा चिमटा पडला तर न सांगता उचलून देतात. 2008 मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग केला. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस दिलं, ती नंतर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिलं नाही किंवा नुसतं शाबास म्हटलं, त्यांची मदत टिकली. म्हणजे ही वृत्ती आपल्याला पेरावी लागत नाही, ती आलेली असते. आपण वीस रुपये लावून तिचा व्यवहार करून टाकतो.

म्हणून मी त्या घराला सांगितलं: स्टेटस नको, पैसे नकोत. ‘आमचा दादू किती गुणी’ हेही पाहुण्यांसमोर नको. त्यापेक्षा काय घडलं ते त्याला सांगा. “मावशी काल वेळेवर घरी पोहोचल्या, त्यांच्या मुलीचा क्लास बुडला नाही,” एवढं पुरतं.

तुमच्या घरी सायकल असेलच असं नाही. पण आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांवर जातो, आणि भर उन्हात दारावर भाजीवाली येते, कुरिअरवाला येतो. फाटकापाशी माठ ठेवा आणि तो भरायचं काम मुलाकडे द्या. माठ धुणं, गाळून पाणी भरणं, ओघराळं जागेवर आहे ना ते बघणं, सगळं त्याचं. एखाद्या दिवशी तो विसरेल. तेव्हा गुपचूप तुम्ही भरू नका. भाजीवाली रिकाम्या माठाशी आली की मुलानं ते बघू दे आणि घरातून तांब्या आणून द्यायलाही त्यालाच जाऊ दे. न केल्यानं कुणाचं तरी अडलं पाहिजे, नाहीतर ते काम म्हणजे नुसता देखावा. वयाप्रमाणे काम बदला: चार वर्षांच्या मुलीला आजोबांचा चष्मा शोधून देणं पुरे, आठवीतल्या मुलानं शेजारच्या आजींचं वीजबिल ऑनलाइन भरून द्यावं.

आश्रमात जाऊच नका असं मी म्हणत नाही. जा, पण कॅमेरा घरी ठेवून, आणि वाढदिवस सोडून एखाद्या साध्या दिवशी, खेळायला. तिथली मुलं तुमच्या मुलाच्या संस्कारांचं साहित्य नाहीत. आणि तीन वर्षांच्या लेकराच्या हातातून खेळणं ओढून पाहुण्याच्या मुलाला देणार असाल, तर ते शिकतं एवढंच की मोठा माणूस हिसकावून घेऊ शकतो. पाहुणे यायच्या आधी त्याला विचारा: यातलं कुठलं कपाटात ठेवायचं, कुठलं बाहेर? बाहेर ठेवलेलं तो बहुधा देतो.

दादूची आई मध्यंतरी भेटली. सायकली चालू आहेत, आजींच्या गोळ्यांचा डबा रविवारी तो भरतो. “पण बॅट अजून कुणाला देत नाही हो, मॅडम.” मी म्हटलं, नका मागू. आपणही आपली गाडी कुणालाही देत नाही.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. मूल मुक्या प्राण्यांना मुद्दाम इजा करत असेल, दुसऱ्याला रडताना बघून त्याला मजा येत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, किंवा आधी मिसळणारं मूल एकदम सगळ्यांपासून तुटलं असेल, तर माठ भरायला देऊन भागणार नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जायचा संकोच वाटत असेल तर आधी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला, मराठीतून बोलता येतं.