वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ घरी पाहिला, मग वर्गात काय करायचं?

ऑनलाइन शिकणं आणि वर्गातलं शिकवणं एकत्र कसं बांधायचं, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं बहुतेक शिक्षकांची आली, थोडी पालकांची आणि एक विद्यार्थ्याचं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे उदाहरणं माझ्या तासाचीच येतील. भाषा-इतिहासवाल्यांनी आपापली घालून घ्यावीत.

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. आदल्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाकते, पण निम्मी मुलं न बघताच येतात. मग तोच पाठ वर्गात पुन्हा घ्यावा लागतो आणि ज्यांनी पाहिला ती मुलं जांभया देतात. हा प्रयोग सोडून द्यावा का?
— एक शिक्षिका

उत्तर : प्रयोग सोडू नका, पाठ पुन्हा घेणं सोडा. तुम्ही वर्गात सगळं पहिल्यापासून सांगता, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. मग जे उद्या बाई सांगणारच आहेत, त्यासाठी आजची संध्याकाळ कोण घालवेल? व्हिडिओ न बघणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, पण त्याचा हिशोब चोख आहे. फुकट जातो तो व्हिडिओ बघून आलेल्याचा वेळ.

दुसरं म्हणजे, नुसती लिंक पाठवू नका. लिंकसोबत एक प्रश्न पाठवा आणि त्याचं उत्तर सकाळपर्यंत मागवा. प्रश्न असा हवा, की व्हिडिओतलं वाक्य जसंच्या तसं उतरवून भागणार नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला मी हा देते : ‘मालाने भरलेला ट्रक एका छोट्या मोटारीवर आदळला. ट्रकने मोटारीवर जास्त बल लावलं, मोटारीने ट्रकवर जास्त लावलं, की दोन्ही बलं सारखी? कारण एका ओळीत लिहा.’

उत्तरं वाचताना मजा येते. ‘क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान व विरुद्ध दिशेने असतात’ हे पहिल्या ओळीत बिनचूक, आणि लगेच खाली ‘म्हणून ट्रकचं बल जास्त, कारण मोटारीचा चुराडा झाला.’ नियम पाठ, विश्वास मात्र ट्रकवर. व्हिडिओ कितीही सुरेख असला तरी ही गाठ तो सोडवू शकत नाही, कारण मुलाच्या डोक्यात गाठ आहे हे त्याला दिसतच नाही. तुम्हाला ते सकाळी चहा पिता पिता दिसतं. तासाची आखणी तिथून सुरू करा.

त्या तासाला मी फळ्याकडे जातच नाही. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवायचे आणि दोन मुलांच्या हातात द्यायचे. एकाला सांगायचं, तू ओढ. दुसऱ्याला सांगायचं, तू नुसता धरून ठेव. वर्गाला विचारायचं, कोणाचा काटा जास्त दाखवेल? ओढणाऱ्याचा, असा गलका होतो. मग दोघांनी आपापला आकडा मोठ्याने वाचायचा. आकडे सारखे निघाले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘बाई, काटा बिघडलाय.’ काटे बदलून द्या, मुलं बदला, जाड्या पोराला ओढायला लावा. आकडे काही हटत नाहीत. आता ‘मग मोटारीचाच चुराडा का?’ हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि तेवढ्याच बलाने कमी वस्तुमानाला जास्त त्वरण मिळतं, हे दुसऱ्या नियमातलं उत्तरही बरेचदा त्यांच्यातलंच कोणी देतं. गाडीची बांधणीही मोजायची असते, हे मागच्या बाकावरून येतं. येऊ द्या.

आधी उत्तरं मागवायची आणि ती वाचून तास बेतायचा, ही युक्ती माझी नाही. ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवताना ती बसवली आणि 1999 साली ‘जस्ट-इन-टाइम टीचिंग’ या नावाने पुस्तकरूपात मांडली. युक्तीचा उरलेला अर्धा भाग वर्गात होतो, त्यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची 1991 पासूनची रीत उपयोगी पडते : प्रश्न टाका, प्रत्येकाकडून गुपचूप उत्तर घ्या, मग शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि पुन्हा उत्तर घ्या. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के मुलं बरोबर असतील, तर ती चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर मुलांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं. तिथे खुशाल खडू उचला. जवळजवळ सगळी बरोबर असतील तर पुढे चला.

न बघता आलेल्यांचं काय? त्यांना रागावण्यात दहा मिनिटं घालवू नका. वर्गाच्या एका कोपऱ्यात बसवून व्हिडिओ तिथेच बघायला लावा, टिपणासकट. इकडे ताणकाट्यांचा गोंधळ चाललेला त्यांना ऐकू येत असतो, तेवढं पुरतं.

प्रश्न : व्हिडिओ किती मिनिटांचा असावा? स्वतःचा करावा, की तयार घ्यावा?
— एक शिक्षक

उत्तर : सहा मिनिटांच्या आतला. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची मोठी माहिती तपासून 2014 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात विद्यार्थी छोट्या व्हिडिओंत टिकून राहतात आणि लांबलचक व्हिडिओ अर्ध्यातच सोडतात असं आढळलं. तुमचा विषय सहा मिनिटांत मावत नसेल तर त्याचे दोन तुकडे पाडा आणि मध्ये एक प्रश्न घाला.

तयार मिळत असेल तर तयार घ्या, पण निदान एखादा स्वतःच्या आवाजात करा. मुलं ओळखीचा आवाज जास्त मनावर घेतात, असा माझा अनुभव आहे. कॅमेरा, दिवे, मागचा पडदा यांच्या नादी लागू नका. वहीवर हात फिरताना दिसला आणि आवाज स्वच्छ आला की झालं.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दिवसभर शाळा, घरी आल्यावर दोन-तीन विषयांचे व्हिडिओ, त्यावर क्विझ आणि वर नेहमीचा गृहपाठ आहेच. याला नवी पद्धत म्हणायचं?
— एक आई

उत्तर : नाही. याला एकावर एक थर म्हणायचं. घरी काही नवं दिलं, तर घरचं जुनं काहीतरी वर्गात यायला हवं. स्वाध्याय सोडवणं, निबंधाचा कच्चा मसुदा, आकृत्या, गणिताची उदाहरणं ही कामं मुलं अडतात तिथली आहेत. ती शिक्षकांसमोर व्हायला हवीत. ऐकण्याचा भाग घरी आला आणि गृहपाठही घरीच राहिला, तर वर्गात उरलं काय?

शाळेशी बोलताना ‘स्क्रीन फार होते’ असं सुरू करू नका. ते पालकांचं नेहमीचं रडगाणं म्हणून बाजूला पडतं. एका आठवड्याचा तक्ता करून न्या : कोणत्या दिवशी कोणत्या विषयाचा किती मिनिटांचा व्हिडिओ, क्विझ आणि गृहपाठ. बहुतेक ठिकाणी प्रत्येक शिक्षक ‘मी तर दहाच मिनिटांचं देतो’ असं मनापासून म्हणत असतो आणि बेरीज कोणीच केलेली नसते. ती तुम्ही करून न्या आणि विषयांचे वार वाटून घ्या म्हणावं.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. यंदा व्याख्यानं रेकॉर्ड करून आधीच दिली आणि तासाला गटांत उदाहरणं सोडवून घेतली. सत्राअखेर विद्यार्थ्यांनी अभिप्रायात लिहिलं, ‘सर काही शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.’ विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं. वाईट वाटलं.
— एक प्राध्यापक

उत्तर : वाईट वाटणारच. पण तो अभिप्राय खोटा नाही आणि तो तुमच्याविरुद्धचा पुरावाही नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. मजकूर तोच, एका गटाला उत्तम, ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तीच उदाहरणं स्वतः गटांत झगडून सोडवायची. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. चाचणीत झगडणारे पुढे होते. ‘आपण किती शिकलो?’ या प्रश्नावर मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले.

यात नवल नाही. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं सुरळीत वाहत असतं, आणि त्या सुरळीतपणालाच आपण समजणं मानतो. स्वतः सोडवायला बसलं की अडखळायला होतं, शेजारचा पुढे गेलेला दिसतो आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटू लागतं. त्या वेळी मुलाच्या पदरात खरं तर जास्त पडत असतं, पण ते त्याला कसं कळावं?

ते तुम्ही सांगायचं, आणि सत्राअखेरची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात. हा अभ्यास दहा मिनिटं वर्गात मांडा. ‘तुम्हाला वाटेल की सर शिकवत नाहीत, असं वाटेल तेव्हा मला येऊन सांगा’ असं आधीच बोलून ठेवा. पहिली छोटी चाचणी लवकर घ्या, म्हणजे स्वतःची प्रगती त्यांना आकड्यांत दिसेल. आणि तासाच्या शेवटची पाच-सात मिनिटं स्वतःकडे ठेवा : आज कुठे कुठे अडलं, कोणत्या दोन वाटांनी सुटलं, परीक्षेत हे कसं लिहायचं, हे फळ्यावर बांधून द्या. मुलांना फक्त सोडवायला लावून तास संपल्याची घंटा झाली, की आपण हात हलवत बाहेर पडतोय असं त्यांना वाटतं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीत हा भागही असू शकतो. एकदा तपासून बघा.

विभागप्रमुखांना अभिप्रायासोबत उत्तरपत्रिका दाखवा.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. सगळी लेक्चर्स दुप्पट वेगाने बघतो, काही अडलं तर तो भाग परत बघतो. बघताना सगळं समजतं. पेपर हातात आला की कोरा.
— एक विद्यार्थी

उत्तर : वेगाचं मला काही वाटत नाही, परत परत बघण्याचं वाटतं. तू सांगतोस तो ‘समजतं’चा प्रकार वर प्राध्यापकांच्या उत्तरात आला आहे, तो वाच.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे निघून गेले. परीक्षा कधी पाच मिनिटांनी असते का?

तेव्हा व्हिडिओ संपला की लॅपटॉप मिटायचा, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. व्याख्या नको, वाट लिही : कुठून सुरुवात झाली, कोणत्या पायरीला काय वापरलं, का वापरलं. जिथे पेन थांबेल तिथे खूण कर. व्हिडिओ पुन्हा बघायचा तो फक्त त्या खुणेचा. आणि ज्या खुणा तरीही सुटणार नाहीत, त्या घेऊन वर्गात ये. ‘सर, काहीच कळलं नाही’ म्हणणाऱ्याला शिक्षक काय सांगणार? ‘तिसऱ्या पायरीला चिन्ह का बदललं?’ असं विचारलंस तर तुला उत्तर मिळेल, आणि वर्गातल्या आणखी काहींचंही काम होईल. तीही तिथेच अडलेली असतात, फक्त बोलत नाहीत.

प्रश्न : आमच्या वर्गात काही मुलांच्या घरी एकच फोन आहे, तोही रात्री वडील आल्यावर मिळतो. काहींकडे इंटरनेट धड चालत नाही. मग ही पद्धत अशा वर्गासाठी नाहीच का?
— एक शिक्षक

उत्तर : आहे, पण ‘घरी बघून या’ हा तिचा एकच प्रकार झाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स यांनी 2007 साली पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती तास बुडणाऱ्या मुलांसाठी. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना ते फाइल पेन ड्राइव्हवर नाहीतर डीव्हीडीवर देत. तुम्हीही व्हिडिओ शाळेतच फोनवर उतरवून द्या, लिंक नको. फाइलचा आकार आधी कमी करा.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे सगळं शाळेतच करणं. वर्गाचे तीन गट पाडा. एक गट शाळेच्या दोन-तीन उपकरणांवर व्हिडिओ बघतोय, एक वहीत सोडवतोय, एक तुमच्यासमोर बसलाय. काही मिनिटांनी गट सरकवा. पहिले काही तास मासळीबाजार होईल. तो सोसा, पण तुमच्यासमोरचा गट लहान असण्याचा फायदा सोडू नका. एरवी पूर्ण वर्गात ज्या मुलाचा आवाज तुम्ही ऐकलेला नसतो, तो तिथे तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो.

आणि ज्याला व्हिडिओ मिळालाच नाही त्याच्यासाठी एक छापील पान ठेवा : तोच मजकूर, तीच आकृती, तोच प्रश्न. सकाळी उत्तर कागदावर आलं तरी चालतं.

प्रश्न : ऑनलाइनची जोड दिल्याने निकाल सुधारतो याला आधार आहे का? आणि व्हिडिओ तयार असतील तर एका शिक्षकाकडे दोन तुकड्या देता येतील का? संस्थेत विचारणा होते आहे.
— एक मुख्याध्यापक

उत्तर : पहिल्याचं उत्तर होय, पण अटीसकट. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अनेक अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये अहवाल काढला आणि 2010 मध्ये तो सुधारून दिला. निव्वळ वर्गातल्या शिकवण्यापेक्षा दोन्हींची जोड असलेलं शिकवणं त्यात सरस ठरलं. पण त्याच अहवालात बजावलेलं आहे की जोड असलेल्या वर्गांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं. फरक नुसत्या माध्यमाचा मानू नये. संस्थेला हे दुसरं वाक्यही वाचून दाखवा.

दुसऱ्याचं उत्तर : नाही. रोज सकाळी उत्तरं कोण वाचणार?