मामांचा व्हिडिओ आणि साक्षीदाराचा पिंजरा

प्रश्न: वकीलताई, फॅमिली ग्रुपवर मामांनी मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ टाकला. मी म्हटलं खोटा वाटतोय, तर म्हणतात मग खोटा आहे हे सिद्ध कर! मी गप्प बसले. काय म्हणायला हवं होतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, सिद्ध करायचं काम तुझं नव्हतंच! अमुक घडलं असं जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करायचं, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

तेव्हा मामांना पिंजऱ्यात उभं करायचं, प्रेमाने हं, आणि विचारायचं, मामा तुम्ही स्वतः पाहिलंत का? ते म्हणणार नाही गं, शेजाऱ्यांच्या जावयाने पाठवला, जावयाला कुठून आला तर त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरून... झालं, हा ऐकीव पुरावा. कोर्ट म्हणतं ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला आणा, म्हणजे उलटतपासणी तरी घेता येईल. आणि दहा ग्रुपवर आला म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत, एकच फॉरवर्ड दहादा आलाय.

आता व्हिडिओ. मूळ मोबाइल किंवा कॅमेराच कोर्टात आणला तर ठीक, नुसती कॉपी आणली तर ती कुठल्या यंत्रावरून, कशी काढली हे लिहून दिलेलं सर्टिफिकेट सोबत लागतं, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० ला हे पक्कं केलं. मला आधी ही कटकटच वाटायची. पण २०१८ ला बाइकवरून येऊन पोराला उचलून नेतात तो व्हिडिओ आठवतो? कराचीतली जनजागृतीची फिल्म होती ती. मूळ फिल्ममध्ये बाइकवाले पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, फिरत असलेल्या कॉपीत नेमकं तेवढंच कापलेलं. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागत फिरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती.

एक मात्र लक्षात ठेव, सिद्ध झालं नाही म्हणजे खोटंच आहे असं नाही, कायदाही या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. त्यामुळे ‘खोटं आहे’ म्हणू नकोस, ‘अजून सिद्ध झालं नाही, तोवर पुढे पाठवू नका’ एवढंच म्हण. आणि तेही ग्रुपवर नको, सरळ फोन कर, सगळ्यांसमोर बोललीस तर मामा व्हिडिओ राहू देतील बाजूला आणि इज्जतीची केस लढायला घेतील.