आज्जीच्या चालीनं दिवस ठरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

2028 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याला आज्जी, आई आणि शेजारच्या दोन काकूंना उज्जैनला नेतोस, हे वाचून फार बरं वाटलं. पण तू सगळ्यात आधी विचारलंस ते शाही स्नानाच्या तारखांचं. बहुतेकांचं चुकतं ते इथंच.

गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेष राशीत आला की हे पर्व येतं, आणि ते एका दिवसाचं नसतं. 2016 साली हे पर्व 22 एप्रिल ते 21 मे असं महिनाभर चाललं. त्यातल्या कुठल्याही पहाटे क्षिप्रेत मारलेली बुडी सिंहस्थाचीच. शाही स्नानाला पहिला मान साधूंच्या आखाड्यांचा, त्यामुळं बाकीच्यांना ताटकळत उभं राहावं लागतं. आज्जीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला माघी पौर्णिमेची गर्दी बघितली आहे, पण ती थंडीतली गर्दी. तेव्हा दोन मोठ्या स्नानांच्या मधला, एकादशी-अमावास्या-पौर्णिमा टाळून, मंगळवार ते गुरुवारातला दिवस धर. सोमवारी महाकालाला गर्दी उसळते. स्नान आणि महाकालाचं दर्शन एकाच दिवशी करायचं नाही.

मुहूर्ताच्या मिनिटाचाही हट्ट नको. 14 जुलै 2015 ला आंध्रातल्या राजमहेंद्रीत गोदावरी पुष्करमच्या, म्हणजे तिथल्या नदीस्नानाच्या पर्वाच्या, पहिल्याच सकाळी सगळे एकाच घाटाला लोटले आणि चेंगराचेंगरीत पंचवीसहून जास्त माणसं गेली. उज्जैनला रामघाटाचं नाव मोठं, पण नदी तीच. नृसिंह घाट, भूखी माता, मंगळनाथ, सिद्धवट, त्रिवेणी, उतरला असाल तिथून जवळचा घाट धरा. पहाटे चारला निघा, आठच्या आत सावलीत परत या.

आता ऊन. आपल्या बेळगावला मे महिन्यातही संध्याकाळी वारं सुटतं, एखादा वळीव पडून जातो. उज्जैनचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि कोरडं असतं. घाम आल्याआल्या सुकतो, म्हणून पाणी कमी पडतंय हे कळतच नाही. तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी प्रत्येकीला पेलाभर पाणी दे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पुरी घालायची, अर्धी नाही, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचं. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त पडू द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट बायका तुला तोंडानं सांगणार नाहीत. संडासाची सोय कुठं आहे ठाऊक नसलं की त्या पाणीच पीत नाहीत. ऊन लागण्याचं हे मोठं कारण. पोचल्या संध्याकाळीच मुक्कामापासून घाटापर्यंत चालून ये, वाटेवरचे संडास बघून ठेव आणि आईला नेऊन दाखव. आज्जीसाठी मोठ्यांचे डायपर घे. आईकडून तिला सांगायला लाव, म्हणजे संकोच होणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचार. आपल्या मनानं बंद करू नकोस.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, झोकांड्या जायला लागल्या, तर तो थकवा समजू नकोस. सावलीत आडवं कर, मान, काखा, जांघा ओल्या पंच्यानं पुसत वारा घाल आणि 108 ला फोन लाव. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

गर्दीचं एकच माप लक्षात ठेव. दोन्ही खांद्यांना एकदम माणसं लागायला लागली की पुढं सरकणं बंद. त्याहून दाटलं की पाय आपले राहत नाहीत, लाट नेईल तिकडं जावं लागतं. माणसं बहुधा तुडवून नाही, छाती दबून गुदमरतात. म्हणून हात छातीसमोर धरायचे, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं, उलटं रेटायचं नाही. पडलेल्या चपलेसाठी वाकायचं नाही. वाटेत झोपायचंही नाही. 29 जानेवारी 2025 ला प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येच्या रात्री स्नानासाठी थांबून जमिनीवर झोपलेले लोक गर्दीखाली आले. वादळ उठलं तर मंडप आणि होर्डिंगपासून लांब राहा.

उन्हाळ्यात क्षिप्रेला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतं. नर्मदेचं उपसून आणून अडवतात, त्यामुळं ते संथ असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. साखळी धरून कमरेइतक्याच पाण्यात उतरा. ते पाणी डोक्याला लावा, पोटात घेऊ नका.

झेरॉक्सच्या दुकानात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं लॅमिनेट करून घे. त्यावर हिंदीत नाव, गाव, मुक्कामाचा पत्ता, तुझा आणि घरचा असे दोन नंबर, आजार आणि गोळी. एक काकू कन्नडशिवाय बोलत नाहीत, त्यांच्या कार्डावर तेही लिही. कार्ड सेफ्टी पिनेनं पदराला आतल्या बाजूनं लाव, पिशवीत नको, पिशवीच आधी हरवते. मोबाइल लागेलच असं नाही, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा विजेच्या खांबाच्या नंबरासकट ठरवून ठेव.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. लोअर बर्थच्या कोट्यात एका तिकिटावर दोघींपर्यंतच घेतात, तेव्हा चौघींची दोन तिकिटं काढ. मिरज-पुण्यावरून रतलाम, तिथून उज्जैन साधारण 100 किलोमीटर.

खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट. दुधाचा कुंदा उन्हात टिकणार नाही, तो घरीच राहू दे.

जायच्या आधी दीड महिना किल्ला तलावाभोवती चौघींना चालव. आज्जी न बसता किती चालते ते मोजून लिहून पाठव, मग घाटाजवळचा मुक्काम किती अंतरावर घ्यायचा ते ठरवू.

तुझा,
काका